मुखपट्टी सर्वांना, भुर्दंड कोणाला?

२०२२ सालच्या गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, महाराष्ट्रातील करोनाविषयक निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. दुकानाची फळी केव्हा उघडावी, चहाच्या टपरीवर किती जणांनी उभे राहावे, लोकलच्या डब्यात कोणी पाय ठेवावा, हे दोन वर्षे ज्या आदेशांनी ठरवले ते एका दिवसात कागदोपत्री जमा झाले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय बाजूला ठेवला. शासनानेही तो बाजूला ठेवला. पण लोक विसरले ते सोसलेले हाल, आणि शासन विसरले तो हिशेब. म्हणून हा हिशेब पुन्हा मांडणे भाग आहे.

भाग असण्याचे आणखीही एक कारण आहे. ज्या कायद्याच्या आधारे हे सारे आदेश निघाले तो साथरोग प्रतिबंधक कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या काळातील परकीय सत्तेने केलेला आहे. मुळात जेमतेम चार कलमांचा हा कायदा सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार देतो, नियम मोडणाऱ्याला शिक्षा सांगतो आणि नियम राबवणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देतो. ज्याच्यावर नियम लादायचा त्या नागरिकाचा काही हक्क असतो, ही कल्पना त्याच्या कर्त्यांना शिवलेली दिसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्याचा सविस्तर फेरविचार सुचवला. केंद्र, राज्य आणि स्थानिक यंत्रणा यांच्यात अधिकारांची स्पष्ट वाटणी व्हावी, असे आयोगाचे म्हणणे आहे. ते योग्यच आहे. परंतु अधिकार कोणात वाटायचे याचा खल चालला असताना भार कोणी वाहिला, याची नोंद कष्टकऱ्यांच्या चळवळीने केली नाही, तर ती दुसरे कोणी करील अशी आशा नको.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. निर्बंधांविषयी नाराजी होती म्हणजे लोक बेजबाबदार होते, असे चित्र त्या दोन वर्षांत वारंवार रंगवले गेले. भाजी मंडईतील गर्दीची छायाचित्रे दाखवायची आणि ‘लोक ऐकतच नाहीत’ म्हणून हळहळायचे, हा सुखवस्तू घरांतील दिवाणखान्यांचा नित्यक्रम झाला होता. वस्तुस्थिती काय होती? मुंबई महापालिकेने ८ एप्रिल २०२० रोजी सार्वजनिक ठिकाणी मुखपट्टी सक्तीची केली तेव्हा घरी शिवलेली, धुऊन पुन्हा वापरता येणारी कापडी पट्टीही चालेल असे सांगितले होते. त्यानंतर राज्यभर बचत गटांतील स्त्रियांनी मुखपट्ट्या शिवल्या. कित्येक गावांत त्या फुकट वाटल्या गेल्या. १९१९ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को शहरात इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुखपट्टीविरोधी संघ स्थापन झाला होता, आणि करोनाच्या काळातही अमेरिकेत व युरोपात मुखपट्टी हा राजकीय भांडणाचा विषय बनला. महाराष्ट्रात तसे काही घडले नाही. येथील माणूस पट्टी हनुवटीवर ओढत असे, घामाने भिजली की काढून खिशात ठेवत असे, पोलीस दिसला की पुन्हा चढवत असे. पण ‘मी बांधणारच नाही’ अशी चळवळ येथे कोणी उभारली नाही. पट्टी बांधण्याला लोकांची संमती होती. विरोध होता तो ती बांधून घेण्याच्या रीतीला.

ही रीत काय होती ते पाहू. मुंबईत विनामुखपट्टी आढळणाऱ्याला प्रथम हजार रुपये दंड ठरला. तो अवास्तव आहे हे ध्यानात आल्यावर सप्टेंबर २०२० च्या सुमारास तो दोनशेवर आला. दंड वसूल करण्याचे काम खाजगी संस्थांनी नेमलेल्या ‘क्लीन-अप मार्शल’कडे गेले आणि वसुलीत या संस्थांचा वाटा ठरला. शहराच्या आरोग्यरक्षणाची कामगिरी अशा रीतीने मक्त्याने दिली की अपराधी जितके अधिक सापडतील तितका मक्तेदाराचा नफा अधिक! मग मार्शल उभा कोठे राहणार? रेल्वे स्थानकाच्या जिन्यापाशी, बसथांब्यावर, बाजाराच्या तोंडाशी. जेथे माणूस पायी चालतो, ओझे वाहतो, धापा टाकतो, तेथे शिकार हमखास. जानेवारी २०२१ मध्ये महापालिकेने खाजगी मोटारीत बसलेल्यांना मुखपट्टीबद्दल दंड करू नये असे ठरवले. रिक्षा, टॅक्सी, बस यांतील प्रवाशांना ही सवलत नव्हती. स्वतःच्या मोटारीत एकटा बसलेला माणूस कोणाला संसर्ग देणार, हा युक्तिवाद शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नाही. परंतु हातगाडी ओढणाऱ्याला भर उन्हात, आसपास दहा पावलांत कोणी नसताना, तोच युक्तिवाद लागू पडत नव्हता काय?

२७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने तर कळस केला. व्यक्तीला पाचशे रुपये दंड. ग्राहकाने मुखपट्टी लावली नसेल तर दुकानदाराला दहा हजार. संस्थेला पन्नास हजारांपर्यंत. शिवाय रुमाल म्हणजे मुखपट्टी नव्हे, रुमाल बांधणारा दंडास पात्र ठरेल, असा खुलासा त्याच आदेशात होता. ज्या शासनाला दीड वर्षापूर्वी घरचे कापड चालत होते, त्याला आता कष्टकऱ्याच्या गळ्यातील रुमाल चालेनासा झाला. कापडी रुमालाचे संरक्षण तोकडे असते हे खरे असेल, तर चांगली मुखपट्टी रेशनच्या दुकानात धान्याबरोबर का देण्यात आली नाही? ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मुखपट्ट्यांचे कमाल भाव बांधून दिले होते. तीनपदरी पट्टी चार रुपयांना, एन-९५ एकोणीस ते एकोणपन्नास रुपयांना. हे पाऊल स्वागतार्हच होते. भाव बांधता येतो तर वाटपही करता आले असते. चार रुपयांची पट्टी न देता पाचशे रुपयांचा दंड घेणे, याला आरोग्यनीती म्हणायचे की तिजोरीनीती?

या दंडाला मदतीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध कडक करताना राज्य सरकारने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. बांधकाम मजूर, घरकामगार, फेरीवाले, रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार रुपये मिळायचे होते. महिन्याचे दीड हजार म्हणजे दिवसाचे पन्नास. दोनशेचा एक दंड म्हणजे चार दिवसांची मदत परत. पाचशेचा एक दंड म्हणजे दहा दिवसांची. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, यात नवे काही नाही. नवे एवढेच की या वेळी दुसरा हात मक्तेदाराचा होता.

आणि हे दीड हजार तरी कोणाला मिळाले? साहाय्याच्या यादीत ‘नोंदणीकृत’ हा एक निरुपद्रवी दिसणारा शब्द होता. नोंदणीकृत फेरीवाला, नोंदणीकृत घरकामगार, परवानाधारक रिक्षाचालक. मुंबईत २०१४ साली फेरीवाल्यांचे सर्वेक्षण झाले तेव्हा सुमारे ९९ हजार अर्ज आले आणि छाननीनंतर सुमारे १५ हजार पात्र ठरले. उरलेले माणसे नव्हती असे नाही. ती रोज सकाळी टोपली घेऊन रस्त्यावर येत होती, महापालिकेची गाडी आली की पळत होती, आणि शहर त्यांच्याकडूनच भाजी घेत होते. दंड करताना मार्शल नोंदणीचा कागद मागत नव्हता. मदत देताना मात्र शासन मागत होते. रिक्षाच्या बाबतीत परवाना ज्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यात. दुसऱ्याची रिक्षा पाळीने चालवणाऱ्या बदली चालकाचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. बांधकाम मजुरांचे दीड हजार तर त्यांच्याच कल्याणकारी मंडळाच्या उपकरातून आले. १९९६ च्या कायद्याने जो पैसा मजुरांसाठीच राखून ठेवायचा, तो संकटकाळी त्यांनाच देऊन सरकारने स्वतःच्या औदार्याचा डंका पिटला. मजुराच्या हाती पैसे पडले, हे बरेच झाले. पण त्याला सरकारी दान म्हणू नये.

आता व्यापारावरील निर्बंधांकडे वळू. येथे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे आणि समाजवाद्यांनी त्याकडे ठराविक चष्म्यातून पाहून चालणार नाही. ‘ब्रेक द चेन’ या इंग्रजी नावाने ५ एप्रिल २०२१ पासून जे निर्बंध आले, त्यांत जीवनावश्यक वस्तूंखेरीज सर्व दुकाने बंद झाली. पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांतून व्यापारी रस्त्यावर उतरले. हा सगळा नफेखोरांचा कांगावा होता असे म्हणणे सोपे आहे. पण गल्लीतील चपलांचे दुकान, स्टेशनरी, शिंप्याचा गाळा, सायकलदुरुस्ती, ही भांडवलशहांची ठाणी नव्हेत. यांतील बहुतेकांचे दुकान भाड्याचे, माल उधारीचा आणि नोकर म्हणजे घरातलाच पुतण्या. सुरुवातीच्या आदेशात कारखाने चालू राहिले, बड्या कंपन्यांच्या घरपोच मालालाही मोकळीक होती. बंद झाला तो कोपऱ्यावरचा दुकानदार. जी वस्तू परदेशी भांडवलाच्या गोदामातून मोटारसायकलवरून घरी येऊ शकते, तीच शेजारच्या दुकानदाराने दारात आणून दिली तर रोग पसरतो, हे कोडे त्याला कोणी उलगडून सांगितले नाही. पुढे १४ एप्रिलपासून घरपोच मालही जीवनावश्यक वस्तूंपुरता झाला, पण तोवर जो संताप निर्माण व्हायचा तो झाला होता.

जून २०२१ मध्ये पाच स्तरांची योजना आली. जिल्ह्यातील किंवा मोठ्या शहरातील चाचण्यांपैकी बाधित किती आणि प्राणवायूच्या खाटा किती भरलेल्या, यावरून स्तर ठरायचा व त्यानुसार दुकानांच्या वेळा ठरायच्या. कागदावर ही योजना विवेकी होती. मनमानीपेक्षा मोजमाप केव्हाही बरे. पण २५ जूनला तिसऱ्या स्तराच्या खाली कोणीही येणार नाही असे ठरले. म्हणजे एखाद्या शहरातील आकडे कितीही सुधारले तरी दुकान चारलाच बंद व्हायचे. मापच निरर्थक झाल्यावर मापाचा आदर कोण करणार? ऑगस्टच्या प्रारंभी २५ जिल्ह्यांना सवलत मिळाली आणि पुणे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांसह ११ जिल्हे मागे राहिले. पुण्यातील व्यापाऱ्यांनी घंटानाद केला आणि ठरल्या वेळेपेक्षा अधिक काळ दुकाने उघडी ठेवण्याची भाषा केली. थोड्याच दिवसांत तेथील वेळ आठपर्यंत वाढली. व्यापाऱ्यांना संघटनेचे बळ होते, मंत्र्यांपर्यंत वाट होती. त्यांचे गाऱ्हाणे ऐकले गेले. बळी तो कान पिळी!

येथेच एक अडचणीचा प्रश्न विचारला पाहिजे. ‘व्यापार वाचवा’ म्हणणाऱ्या या आंदोलनांत दुकानातील नोकराच्या पगाराचे काय झाले? २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने टाळेबंदीच्या काळात कामगारांचे वेतन कापू नये असा आदेश काढला होता. मालकवर्ग न्यायालयात गेला. मे महिन्यात सरकारने तो आदेश गुंडाळला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून मार्ग काढावा असे सांगितले. कापडाच्या दुकानात तागा उलगडणारा पोरगा आपल्या शेठशी काय बोलणी करणार? व्यापारी संघटनांच्या निवेदनांत वीजबिल होते, मालमत्ता कर होता, कर्जाचे हप्ते होते, जीएसटी होता. नोकराच्या बुडालेल्या पगाराला या गाऱ्हाण्यांत जागा नव्हती. शासनाच्या आदेशांतही त्याला जागा नव्हती. हमालाची गोष्टही हीच. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला मंडळ दिले, भविष्यनिर्वाह निधी दिला. पण त्याची मजुरी उचललेल्या ओझ्यावर. बाजार बंद म्हणजे ओझे बंद, ओझे बंद म्हणजे मजुरी बंद. बाजार समितीचे व्यवहार किती दिवस थांबवावेत याच्या बैठकीला आडते असतात, अधिकारी असतात. हमालांना असल्या बैठकांत बसण्याचा हक्क जेथे मिळाला तेथे तो संघटनेने लढून मिळवलेला आहे.

घरकामगार स्त्रियांचे हाल निराळे. सरकारने परवानगी दिली तरी सोसायटीचे फाटक उघडत नव्हते. परदेशातून आणि परगावाहून आलेल्या रहिवाशांनी रोग प्रथम आणला तो विमानाने, आणि दारावर अडवली गेली ती झोपडपट्टीतून चालत येणारी बाई! पुढे तिला कामावर घ्यायचे ठरले तेव्हा लोकल बंद होती. मार्च २०२० मध्ये थांबलेली उपनगरी गाडी सामान्य प्रवाशांना फेब्रुवारी २०२१ मध्ये ठराविक वेळांत मिळाली, एप्रिलमध्ये पुन्हा गेली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच पुन्हा उघडली. आता या तारखा लसीच्या तारखांशी ताडून पाहाव्यात. १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण १ मे २०२१ ला सुरू झाले आणि तुटवड्यामुळे महाराष्ट्राला ते महिन्याच्या मध्यालाच थांबवावे लागले. जूनमध्ये केंद्राने ठरवलेल्या कमाल भावाने खाजगी रुग्णालयात कोव्हिशील्डची एक मात्रा ७८० रुपयांना मिळत होती. ज्याच्याजवळ दोन मात्रांचे सुमारे पंधराशे साठ रुपये होते त्याला लोकल लवकर मिळाली. ज्याच्याजवळ नव्हते तो बसच्या रांगेत तीन तास उभा राहिला. सरकारी साहाय्य दीड हजार आणि लोकलच्या डब्याची किंमत पंधराशे साठ. हा योगायोग कोणाच्या नजरेत भरला नाही.

रहिवाशांच्या मनात सर्वांत खोल रुतून बसला तो दुजाभाव. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी आषाढी वारीच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. शेकडो वर्षांची पायवाट वारकऱ्यांनी सोडली. तुरळक कुरबूर सोडली तर रोगाचे गांभीर्य ओळखून सोडली. त्याच पंढरपुरात १७ एप्रिल २०२१ ला विधानसभेची पोटनिवडणूक झाली, आणि राज्यभर संचारबंदीची भाषा चालू असताना तेथे सर्व बड्या पक्षांच्या प्रचारसभा झाल्या. त्याच महिन्यात बंगालमध्ये पंतप्रधानांच्या सभा होत होत्या आणि हरिद्वारला कुंभमेळा भरला होता. विठ्ठल एसटीतून आणि पुढारी मैदानात! शेतावर दोनच मजूर ठेवा, लग्नाला पंचवीसच माणसे बोलवा, असे सांगायला आलेल्या तलाठ्याकडे लोक यानंतर कोणत्या नजरेने पाहणार? देवळे बंद आणि दारूची दुकाने चालू, हा वाद विरोधी पक्षाने आपल्या सोयीसाठी वाजवला हे खरे. पण तो वाजला, कारण नियम सर्वांना सारखा नाही ही भावना आधीच घरोघर रुजली होती.

याच काळात वेगळ्या रीतीने काम होऊ शकते याचे दाखलेही महाराष्ट्रातच मिळाले. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत काही लाख माणसे, त्यांतील बहुसंख्य सार्वजनिक शौचालयावर अवलंबून. तेथे ‘अंतर राखा’ हे वाक्य उच्चारणेदेखील थट्टा ठरली असती. महापालिकेच्या विभाग कार्यालयाने वस्तीतील खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतले, ताप तपासणीची शिबिरे गल्लोगल्ली भरवली, शाळा व सभागृहांत विलगीकरणाची सोय केली, शौचालये वारंवार धुतली, आणि बंद पडलेल्या वस्तीत संस्था-संघटनांनी धान्य व शिजलेले अन्न पोचवले. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच जुलैमध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ताची पाहणी झाली तेव्हा झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतील १६ टक्के लोकांच्या रक्तात रोगाच्या खुणा आढळल्या. घर दहा बाय दहाचे असले की मुखपट्टी रस्त्यावर बांधायची आणि घरात सोडायची. विषाणू घरातच राहतो. तरीही धारावीतील माणसे यंत्रणेशी भांडत बसली नाहीत. दंडाची पावती घेऊन येणाऱ्याशी आणि औषध-भाकरी घेऊन येणाऱ्याशी माणूस सारखा वागत नसतो.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा अनुभव याला पूरक आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तेथे रुग्ण वाढले तेव्हा गावकऱ्यांनीच पथके नेमली, घरोघर चौकशी केली, रुग्णांना वेगळे ठेवले, आणि मे महिन्यात गाव मोकळे झाले. त्या गावाला ग्रामसभेची सवय आहे. नियम करणारा आणि पाळणारा एकच असेल तर मार्शल लागत नाही. प्रत्येक गाव हिवरे बाजार नसते, आणि सरकारने मग जी ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा लावली व पन्नास लाखांपर्यंत बक्षिसे जाहीर केली तिने ही सवय निर्माण होणार नव्हती. ग्रामसभेला अधिकार देण्याऐवजी बक्षीस देणे हा आपल्या राज्यकर्त्यांचा जुना छंद आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वीही हेच झाले होते. १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईतील गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. माणसाला उचलून नेतात आणि तो परत येत नाही, ही भीती त्यामागे होती. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली. शालेय इतिहासात एवढे येते. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना फेब्रुवारी १८९७ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांना आणि १० मार्चला सावित्रीबाई फुल्यांना मरण आले, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारा पुढारी आणि शूद्रातिशूद्रांच्या मुलींना अक्षर देणारी शिक्षिका, दोघेही सरकारी प्लेग-नियमांच्या अंमलदारीत नव्हते, वस्तीत होते. लोक त्यांचे ऐकत होते. करोनाच्या साथीत हे काम आशा सेविकांनी केले, तुटपुंज्या मानधनावर, सुरुवातीला तर पुरेशा मुखपट्ट्यांशिवाय केले. हीच आशा सेविका जून २०२१ मध्ये मानधनवाढीसाठी संपावर गेली तेव्हा तिच्यावरील फुलांचा वर्षाव थांबला होता.

‘साथीच्या काळात लोकांना विचारत बसायला वेळ कोठे असतो?’ असा आक्षेप येईल. मार्च २०२० मध्ये वेळ नव्हता, हे मान्य. चार तासांच्या सूचनेने देश बंद करणे तेव्हाही समर्थनीय नव्हते, पण तो मुद्दा तूर्त सोडू. पाच स्तरांची योजना मात्र पंधरा महिन्यांनंतर आली. रुमालावरील बंदी वीस महिन्यांनंतर आली. एवढ्या काळात कोणत्या प्रभागात लोकांची सभा झाली? शहरांत क्षेत्रसभा असाव्यात अशी तरतूद महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात केली आहे. ती कागदावरच राहिली. २०१४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत. मुंबईत ही निवडणूक व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला, म्हणजे साथ येऊन गेली तेव्हा फेरीवाल्यांचा निवडून आलेला एकही प्रतिनिधी त्या समितीवर नव्हता. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई-पुण्याच्या महापालिका तर वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. डॉ. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरील राज्याची कल्पना मांडली. साथीच्या काळात दिल्ली आणि मुंबई हे दोन खांब तेवढे उभे होते, आणि त्यांच्यात लस कोणी विकत घ्यायची व अपयश कोणाच्या माथी मारायचे यावरून कलह होता. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही सप्टेंबर २०२० ची घोषणा या परिस्थितीचे प्रामाणिक वर्णनच होते. कुटुंबाची जबाबदारी कुटुंबावर. मग शासनाची कोणावर?

नव्या साथरोग कायद्यात काय हवे, हे या अनुभवातून पुरेसे स्पष्ट आहे. ज्या आदेशाने धंदा किंवा काम बंद होईल त्याच आदेशात त्या बंदच्या काळातील निर्वाहभत्त्याची रक्कम आणि देण्याची तारीख असली पाहिजे, आणि ती नोंदणीच्या कागदावर नव्हे, रेशनकार्डावर मिळाली पाहिजे. दुकान बंद ठेवण्याची भरपाई मालकाला द्यायची असेल तर नोकराचा पगार चुकता केल्याची अट तिला जोडली पाहिजे. जी वस्तू वापरण्याची सक्ती आहे ती फुकट द्यावी, आणि दंडाच्या वसुलीत कोणाही खाजगी संस्थेला वाटा नसावा. तीस दिवसांपेक्षा अधिक काळ चालणारा कोणताही स्थानिक निर्बंध क्षेत्रसभेपुढे व पथविक्रेता समितीपुढे ठेवल्याशिवाय वाढवता येऊ नये. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. पैकी दोन तर अस्तित्वात असलेल्या कायद्यांचीच अंमलबजावणी मागतात.

मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीच्या काळात भारतीय दंडसंहितेच्या कलम १८८ खाली नोंदवलेले गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. विद्यार्थी आणि नागरिक यांच्यावरील खटल्यांचे ओझे त्यामुळे उतरणार होते, ते चांगलेच झाले. रेल्वे स्थानकाच्या जिन्यावर दोनशे रुपये मोजणाऱ्यांना मात्र त्या निर्णयातून काही परत मिळाले नाही. त्यांच्यावर गुन्हा नोंदवलेलाच नव्हता. पावती तेवढी फाडली होती. पुढे ती दंडसंहिता गेली आणि १ जुलै २०२४ पासून न्यायसंहिता आली. कलम १८८ च्या जागी आता कलम २२३ आहे, आणि १८९७ चा कायदा आहे तेथेच आहे.